आधी श्वास की आधी छाती

गणपती गेले, पितृपक्ष सरत आला, की किहीमच्या किनाऱ्यावर निळं प्लास्टिक सुटायला लागतं. पावसाळाभर दोऱ्यांनी करकचून बांधलेल्या टपऱ्या एकेक करून उघड्या पडतात. आधी ओल्या लाकडाचा कुबट वास, मग त्यावर चढणारा ताज्या ऑइलपेंटचा. सुरूच्या बनात उलट्या घालून ठेवलेल्या होड्यांच्या पोटावरचं शेवाळ कुणीतरी खरवडत असतं, तो खर्रखर्र आवाज आमच्या पडवीपर्यंत येतो. मागच्या शेतात भात पिवळं पडू लागलेलं असतं. ऊन तर असं, की दोरीवरचे कपडे काढून आत आलं तरी थोडा वेळ घरात काही दिसत नाही. पुढे दिवाळी, सुट्ट्या, मांडव्याला लाँचमधून उतरणारी माणसं. गावाचं वर्षाचं पोट याच दिवसांवर भरतं, म्हणून सगळे खुशीत असतात. मलाही हा ऋतू आवडायचा. आता मात्र पेंटचा वास आला की मी समुद्राकडे न बघता भाजी आणायला मागच्या वाटेने जाते.

मी ऑनलाइन कोर्स बनवते. हे काम नेमकं काय, ते माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. ते पाहुण्यांना सांगतात, "सूनबाई कॉम्प्युटरवर शिकवते." खरं तर मी शिकवत नाही. ज्याला विषय कळतो तो एका टोकाला, ज्याला तो कळायला हवा तो दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी. तज्ज्ञाकडून समजून घ्यायचं, त्याचे छोटे छोटे धडे पाडायचे, व्हिडिओची स्क्रिप्ट लिहायची, ती तज्ज्ञांना तपासायला पाठवायची, दुरुस्त करायची. विषय मला येत नसतो. तो न येणं हेच माझं भांडवल, असं मी वर्षानुवर्षं मानत आले होते.

दोन तज्ज्ञांचं एकमत होत नाही, हे या धंद्यात रोजचंच. कोकमाच्या लागवडीवरचा एक कोर्स होता. एक बागायतदार म्हणाले खड्डा दोन फूट, दुसरे म्हणाले तीन फूट, आणि दोघांनीही समासात एकमेकांच्या शिक्षणाविषयी शंका काढल्या होत्या. मी "दोन ते तीन फूट" लिहिलं. दोघांनाही वाटलं आपलंच राहिलं. अशा जागा मी हसत हसत पार करायचे. कोकमाचं झाड दोन फुटांतही जगतं, तीन फुटांतही जगतं.

त्या वर्षीचा कोर्स वेगळा होता. एका संस्थेला किनाऱ्यावर काम करणाऱ्या लोकांसाठी मोबाइलवर बघता येतील असे धडे हवे होते. टपरीवाले, घोडागाडीवाले, पाण्यातले खेळ चालवणारे, कॉटेजवाले. विषय होता, बुडत्या माणसाला पाण्यातून बाहेर काढल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं. दिवाळीच्या आत तयार हवा होता. मी लगेच हो म्हटलं. आमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणीही म्हटलं असतं. इथे प्रत्येक हंगामात कुणीतरी पाण्यात जातं आणि परत येत नाही. त्या गर्दीचा एक विशिष्ट आवाज असतो. खूप माणसं आहेत आणि कुणीच मोठ्याने बोलत नाही, असा. वाळूत जोडीने काढून ठेवलेल्या चपला असतात, कुणाच्या तरी हातात दोन दोन मोबाइल आणि दुसऱ्याच माणसाचा शर्ट असतो. शर्ट धरणाऱ्याला तो खाली ठेवावा की नाही, ते कळत नाही.

दोन तज्ज्ञ होते. एक डॉ. अभ्यंकर, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेले. पोलीस, वाहनचालक, शिक्षक अशा कितीतरी लोकांना त्यांनी बंद पडलेलं हृदय चालू करायला शिकवलेलं. बोलणं नेमकं आणि शांत. दुसऱ्या डॉ. फरीदा मुकादम. त्यांचा म्हसळ्याला छोटा दवाखाना होता, आणि दिवेआगरच्या बाजूने पाण्यातून काढलेली माणसं लोक गाडीत घालून बऱ्याचदा त्यांच्याच दारात आणत. मी दोघांनाही एकच स्क्रिप्ट पाठवली.

ती परत आली तेव्हा सुरुवातीचे धडे वाचून मला बरं वाटलं. माणसाला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढू नका, यावर दोघांनीही ठळक बरोबरची खूण केली होती. मग चौथा धडा आला. शुद्ध हरपलेला माणूस वाळूवर आहे, श्वास चालत नाही. पुढे काय?

डॉ. अभ्यंकरांनी लिहिलं होतं, "तोंडाने श्वास देण्याचा संपूर्ण भाग वगळावा. सामान्य माणूस त्याला घाबरतो आणि त्या भीतीत काहीच करत नाही. छाती दाबा, एवढंच सांगा."

त्याच ओळीवर डॉ. मुकादमांनी लिहिलं होतं, "आधी श्वास. बुडालेल्याला हवा मिळालेली नाही, ती आधी द्या. मग छाती. हे काढणार असाल तर माझंही नाव काढा."

मी दोन्ही फाइली शेजारीशेजारी उघडून बसले. बाहेर वाडीत नारळ उतरवणं चाललं होतं, धप्प धप्प आवाज येत होते. इथे "दोन ते तीन फूट" लिहिता येणार नव्हतं.

तरी मी ते केलंच. सवयीचा हात. मी लिहिलं, "परिस्थिती पाहून, शक्य असल्यास तोंडाने श्वास देण्याचा विचार करावा व छाती दाबण्यास सुरुवात करावी." वाचायला ते वाक्य छान होतं. कुणीच दुखावलं नसतं.

धडा कुणावर तरी करून पाहिल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. आमच्या घरापासून किनाऱ्याकडे जाताना कुंदाताईची टपरी लागते. वडापाव, कोकम सरबत, उकडलेली अंडी. माहेर थळचं, कोळीवाड्यातलं. लग्न होऊन किहीमला आली. नवरा रघुनाथ पाण्यातले खेळ चालवतो. टपरीमागे वाळूवर मी सरावाचा रबरी पुतळा ठेवला आणि तिला मोबाइलवर कच्चा धडा लावून दिला. तिने पदर खोचला, गुडघ्यांवर बसली, आणि माझ्या त्या वाक्यापाशी आल्यावर तिचे हात पुतळ्याच्या वर, हवेतच थांबले. तिने धडा मागे नेला, पुन्हा ऐकला.

"वैनी," ती म्हणाली, "म्हंजे देऊ का नको?"

मी म्हटलं, "परिस्थिती पाहून."

"परिस्थिती काय, हा मेल्यावानी पडलाय. देऊ का नको, यक काय तं सांग."

ती काही खोचक बोलत नव्हती, खरंच विचारत होती. तिचे ते थांबलेले हात मला दिवसभर दिसत राहिले.

मग त्या वाक्याने माझा कब्जाच घेतला. कणीक मळताना तळहात परातीत दाबला जायचा आणि मला वाटायचं, आधी हे का आधी ते? फोडणी करपायची. संस्थेचं काम वाशीतून संदेश नावाचा एक मुलगा बघायचा, चांगला, पण सदा घाईत. त्याचा फोन आला. "मॅडम, सिंपल आहे ना. अभ्यंकर सर बडा नाम आहे. त्यांचं घ्या. त्या म्हसळ्याच्या डॉक्टरना थँक यू बोलून टाका. आपल्याला लाँच करायचंय, पीएचडी नाही करायची." नवऱ्याला विचारलं, तर तो वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाला, "ते दोघं डॉक्टर. तू डॉक्टर नाहीस. मग ठरवणारी तू कशी?" त्याने सहज विचारलं होतं. पण माझ्या मनात तेच तर अडकून बसलं होतं. मी धडा लिहिणार, कुणीतरी तो ऐकणार, आणि एक दिवस कुणाच्या तरी छातीवर तो करणार. त्या दिवशी दोन्ही डॉक्टर आपापल्या घरी असतील. वाळूवर फक्त माझं वाक्य असेल.

मी म्हसळ्याला जायचं ठरवलं. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर माणसं आपली मतं सांगतात, आणि मतं मला आधीच लेखी मिळाली होती. अलिबागहून मुरुड, पुढे आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी. बोटीच्या कठड्याला टेकून मी पाण्याकडे बघत होते. ऑक्टोबरचं पाणी, वरून काचेसारखं. माझ्या शेजारी एक मोटरसायकलवाला माणूस शिट्टी वाजवत होता आणि मी मनात त्याला बुडवून, बाहेर काढून, वाळूवर ठेवून पाहत होते.

डॉक्टर मुकादमांचा दवाखाना बाजाराच्या मागे होता. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आत टेबलावर गल्फमधल्या मुलाने पाठवलेल्या खजुरांचा डबा. डॉक्टर पंचावन्नच्या आसपासच्या, डोक्यावरून ओढणी, चष्मा नाकाच्या टोकावर. माझ्यापेक्षा त्या वयाने मोठ्या, त्यामुळे सरळ अगंतुगं सुरू झालं.

"एवढ्या लांब आलीस, माझी कॉमेंट मलाच वाचून दाखवायला?"

"नाही डॉक्टर. तुम्ही इतक्या ठाम का आहात, ते ऐकायला."

त्यांनी बाहेरच्या बाईला थोडं थांबायला सांगितलं, खजुराचा डबा माझ्याकडे सरकवला आणि बराच वेळ चष्म्याची काच ओढणीने पुसत राहिल्या.

"एकाला आणलं होतं," त्या म्हणाल्या. "तरुण. बायको बरोबर होती, तिच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. मित्र सगळे शिकलेले, चांगल्या घरातले. ऑफिसात कुणीतरी शिकवून गेलं होतं त्यांना. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून, छाती दाबत दाबत आणला. घामाने निथळत होती पोरं. मी विचारलं, श्वास दिला का तोंडाने? तर म्हणाले, मॅडम, आम्हाला सांगितलं होतं त्याची गरज नसते."

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"दिला असता तर जगला असता, असं मी म्हणत नाही. अल्लाला ठाऊक. पण त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, द्यायला हवा होता का? खोटं बोलता येईना मला. आता सांग, मी तुझ्या धड्यातून तो श्वास कसा काढू?"

परतीच्या वाटेवर मला हलकं वाटायला हवं होतं. प्रश्न सुटल्यासारखाच होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉ. अभ्यंकरांना फोन लावला आणि तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "हे मी सहसा वर्गात सांगत नाही. माझा थोरला भाऊ बागेत फिरताना कोसळला. हृदय बंद पडलं. भोवती रोजची, ओळखीची माणसं होती. त्यांतल्या काहींनी प्रथमोपचाराचा वर्ग केलेला होता. मीच घेतलेला. आधी श्वास, मग छाती, असा. त्याच्या तोंडातून लाळ येत होती, कुणाला वाकवेना. आणि पहिली पायरी जमत नाही म्हणून दुसरीलाही कुणी हात लावला नाही. सगळे उभे राहिले. ती वाईट माणसं नव्हती हो. त्यांना मी अवघड शिकवलं होतं."

फोन ठेवला तेव्हा मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरले होते. आतापर्यंत मला दोन मतं दिसत होती. आता समासातल्या त्या दोन ओळींमागे दोन माणसं निजलेली होती, आणि त्यातली एक ओळ खोडायची म्हणजे तिच्यामागच्या माणसालाच खोडल्यासारखं.

मी दोघांना एकत्र बोलावलं, व्हिडिओ कॉलवर. संदेश म्हणाला, "मॅडम, दोघं भांडले तर माझ्यावर नका टाकू." अभ्यंकरांच्या मागे पुस्तकांची भिंत होती, मुकादमांच्या मागे एक कॅलेंडर आणि अधूनमधून डोकावणारी नर्स. एकमेकांना नमस्कार करून दोघंही जरा ताठरच बसले. बरोबर कोण, असं मी विचारलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही ती ओळ लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर जमिनीवर कोण असतं? आणि त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं? तेवढं सांगाल?"

डॉ. मुकादम म्हणाल्या, "पाण्यातला माणूस. आणि शेजारी रोज किनाऱ्यावर असणारा कुणीतरी."

अभ्यंकर म्हणाले, "रस्त्यात कोसळलेला माणूस. शेजारी परका, घाबरलेला." मग स्वतःचंच वाक्य ऐकल्यासारखे थोडे थांबले. "पाण्यातून काढलेला असेल तर डॉ. मुकादम म्हणतात ते शास्त्राला धरून आहे. मीही डॉक्टरांना तसंच शिकवतो. पण मॅडम, लोक करणार नाहीत. निदान, नाही जमलं तर नुसती छाती दाबा, एवढं तरी त्यांना सांगा."

"नाही," मुकादम म्हणाल्या. "पळवाट दिली की लोक पळतात."

"पळवाट नसली की लोक उभेच राहतात."

तेवढ्यात नर्सने काहीतरी सांगितलं, मुकादमांना उठावं लागलं, आणि पडद्यावर अभ्यंकर आणि मी उरलो. ते म्हणाले, "आता तुम्हाला ठरवावं लागेल." अगदी मायेने म्हणाले, पण मला रडू यायचं बाकी राहिलं.

लोक करतील की नाही, हा प्रश्न मात्र असा होता की त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नव्हती. मी पुतळा घेऊन पुन्हा किनाऱ्यावर गेले. कुंदाताईने आजूबाजूच्या टपऱ्यांवरची माणसं गोळा केली. मी दोन्ही प्रकार करून दाखवले आणि एकेकाला करायला लावले. काहींनी लाजत लाजत श्वास दिले, आणि पुतळ्याची छाती वर आली तसे लहान मुलांसारखे खूश झाले. एक घोडागाडीवाला काका हात मागे बांधून उभा होता. "आपन दाबू," तो म्हणाला. "तोंड न्हाय लावनार. खोटा कशाला बोलू?" पण दाबलं त्याने उत्तम, न थकता. कुंदाताईने पहिल्यांदा श्वास दिला तेव्हा तो सगळा बाजूने निसटला. तिने नाक नीट धरलं, हनुवटी वर केली, पुन्हा दिला. छाती वर आली. ती मागे सरून आपल्या पदराला तोंड पुसत म्हणाली, "हां, हे जमल."

त्या आठवड्यात मी चौथा धडा नव्याने लिहिला. आधी श्वास. कसा, ते दाखवून. मग छाती. आणि त्याच धड्यात, त्याच आवाजात, लगेच पुढे: "श्वास देणं नाही जमलं तर थांबू नका. छाती दाबत राहा." 'परिस्थिती पाहून' गेलं, 'विचार करावा' गेलं. दोघांना पाठवताना बरोबर लिहिलं, कुणाचं काय घेतलं, काय घेतलं नाही, आणि का. संदेशला कळवलं की दोन्ही नावं राहतील. तो म्हणाला, "ओके मॅडम, तुमच्या जबाबदारीवर." मला ते ठाऊकच होतं.

मुकादमांचं उत्तर आलं, "मला ते शेवटचं वाक्य पटलेलं नाही. नाव राहू दे." अभ्यंकरांचं आलं, "ते शेवटचं वाक्य अधिक मोठ्याने हवं."

कोर्स दिवाळीच्या आधी सुरू झाला. लोकांनी बघितला, एकमेकांना पाठवला. मला एखादा जिना संपल्यावरही पाय पुढची पायरी शोधतो तसं होत राहिलं. वाऱ्यावर कुणाचा ओरडा आला की मी ओट्यापाशी थबकायचे. बहुतेक वेळा पोरं क्रिकेट खेळत असायची.

एका दुपारी तो ओरडा क्रिकेटचा नव्हता.

मी पोहोचले तेव्हा गर्दीचं कडं झालेलं होतं. आत एक पन्नाशीचा माणूस वाळूवर, कानशिलांवर पांढरे केस, मनगटात लाल दोरा. त्याची बायको त्याचा चष्मा दोन्ही हातांत धरून उभी होती. कुंदाताई त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर होती आणि रघुनाथ छातीशी. तिने हनुवटी वर केली, नाक धरलं, श्वास दिला. मग रघुनाथने दाबायला सुरुवात केली. पुन्हा तिने श्वास दिला. मी काय करत होते? मी धडा तपासत होते. हनुवटी, बरोबर. नाक, बरोबर. आता हात, बरोबर. एक माणूस माझ्यासमोर मरत होता आणि मी मनात बरोबरच्या खुणा करत होते. दुसरं काही करायची ताकदच माझ्यात नव्हती. घोडागाडीवाला काका आला, रघुनाथला बाजूला करून त्याने दाबायला घेतलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्यापैकी कुणीही थांबलं नाही. ती गेल्यावर कुंदाताई तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. तिच्या साडीला वाळू चिकटली होती.

तो वाचला नाही. संध्याकाळी अलिबागहून निरोप आला.

दुसऱ्या दिवशी टपरी उघडली नाही. सकाळी कुंदाताई आमच्या पडवीत आली. मी चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली. खांबाला टेकून बसली.

"वैनी, माजा काय चुकला?"

"काहीच नाही," मी म्हटलं. पण तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला कळलं, हे माझ्या तोंडचं तिला पुरणार नाही. मला काय ठाऊक होतं? मी तर विषय न येणारी बाई.

ती गेल्यावर मी सगळं जसं पाहिलं तसं लिहून काढलं आणि दोघांना पाठवलं. शेवटी विचारलं, यात काय चुकलं? पाठवल्यावर मात्र उत्तरांची भीती वाटायला लागली. एक म्हणेल, श्वासात वेळ गेला. दुसरी म्हणेल, श्वास पुरेसे दिले नाहीत. आणि दोघंही म्हणतील, मी सांगितलं होतं. त्या दिवशी मी वाल सोलायला घेतले आणि सालं पातेल्यात, दाणे केरात टाकत गेले.

मुकादमांचा आवाजी निरोप आला. "काही चुकलं नाही तिचं. माझ्याकडे सगळी यंत्रं आहेत, तरी जातात माणसं. तिला हे कुणी सांगितलंय का गं?"

थोड्या वेळाने अभ्यंकरांचा फोन. "मी दोनदा वाचलं. काहीही चुकलेलं नाही. त्या बाईंना हे कुणी सांगितलं का?"

मी म्हटलं, "मी सांगितलं. पण मी डॉक्टर नाही."

"मग मी येतो," ते म्हणाले.

मी मुकादमांना कळवलं, तर त्याही निघाल्या. रविवारी अभ्यंकर लाँचने मांडव्याला उतरले. उंच, वाकलेले, डोक्यावर सुती टोपी. मुकादम रोह्यावरून गाडीने आल्या. दोघं एकमेकांना प्रथमच प्रत्यक्ष भेटत होते आणि दोघांनाही समोरचा पडद्यावरच्यापेक्षा म्हातारा वाटला असावा. कुंदाताईच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वळचणीला कांदे टांगलेले, कोंबड्या पायांत येत होत्या. ती चहा देऊन उंबऱ्यावर बसली.

"त्याचा तोंड थंड व्हता," ती आपणहून म्हणाली. "मी फुकला, छाती वर आली. मना वाटला, आला. पन न्हाय आला."

अभ्यंकर खुर्चीत पुढे झुकले. "छाती वर आली म्हणजे श्वास आत गेला होता. तुम्ही तो बरोबर दिलात. मी असतो तर हेच केलं असतं, आणि कदाचित हेच झालं असतं."

ती मुकादमांकडे वळली. "तुमच्यात बी जातान?"

"जातात," मुकादम म्हणाल्या. "मग मी घरी जाते, भाकरी खाते. गिळत नाही, तरी खाते. सकाळी परत दवाखाना उघडते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी चार दिवस गेले नव्हते. माझ्या अब्बांनी हात धरून नेलं."

अभ्यंकरांनी माझ्याकडे पाहिलं. "या कोर्समध्ये एक धडा कमी आहे. सगळं बरोबर करूनही माणूस गेला तर काय."

"मीही तेच म्हणणार होते," मुकादम म्हणाल्या. लगेच दोघं त्यावर बोलू लागले, तो धडा शेवटी हवा की चौथ्याच्या लगेच नंतर. यावरही त्यांचं एकमत होईना. मुकादम म्हणत होत्या, आधी सांगाल तर हात गळतील. ते म्हणत होते, उशिरा सांगाल तर ऐकायला कुणी उरणार नाही. मी सवयीने दोघांचं मनात टिपत होते. आश्चर्य म्हणजे मला त्या वादाची भीती वाटत नव्हती.

कुंदाताई उठली, कपबश्या गोळा करू लागली. अभ्यंकरांचा कप उचलताना ती थांबली.

"डाक्टर, यक इचारू? त्याच्या तोंडाला फेस व्हता. मी पदरानी पुसत बसले, तरी परत येत व्हता. पुढच्या येळेला पुसू, का तसाच श्वास देऊ?"

"पुसत बसू नका, तसाच द्या," अभ्यंकर म्हणाले, आणि त्याच क्षणी मुकादमही म्हणाल्या, "पुसत बसू नको, तसाच दे."

दोघांचं उत्तर एकच आलं होतं, आणि ते ऐकून ती मान हलवत आत गेली. मोरीत कपबश्या विसळल्याचा आवाज आला. डॉक्टर पुन्हा आपल्या वादाकडे वळले. मला मात्र त्या वादातलं काही ऐकू येत नव्हतं. ती 'पुढच्या येळेला' म्हणाली होती, आणि मी तिथेच थांबले होते.